तेल गेलं कुठे? : मोटारीच्या ब्रेकची हकिगत

मंडळी, दिवाळी अंकात नाटक, प्रवास आणि नातवंडांचे किस्से वाचायची आपल्याला सवय. तिथे मी ब्रेक ऑइलबद्दल लिहितो आहे, याबद्दल आधीच माफी मागतो. संपादकांनी "इतिहासावर काहीतरी द्या" म्हटलं, तेव्हा त्यांच्या डोळ्यांपुढे पानिपत किंवा रायगड असणार. पण माझं सगळं आयुष्य यंत्रांत गेलं, आणि निवृत्तीनंतर जो इतिहास माझ्या वाट्याला आला तो शेजारच्या गॅरेजमधला. तोच सांगतो.

आमच्या शेजारी एक अमेरिकन आजोबा राहतात. वय चौऱ्याऐंशी. त्यांच्याकडे १९५५ सालची एक लांबलचक गाडी आहे, फिकट हिरवी, भरपूर क्रोम, पुढची सीट आपल्या दिवाणखान्यातल्या सोफ्याएवढी. गाडी त्यांच्या वडिलांनी नवी घेतलेली. दरवर्षी चार जुलैला गावात परेड निघते, त्यात ती असते, आणि दोन वर्षांपूर्वी त्यांनी आमच्या नातीला "तू माझ्या शेजारी बसून झेंडा हलवायचास" असं कबूल करून टाकलं होतं. पोरगी महिनाभर आधीपासून हवेत होती.

जूनच्या पहिल्या आठवड्यात ते मला फेरी मारायला घेऊन गेले. आमच्या रस्त्याच्या शेवटी उतार आहे आणि खाली स्टॉप साइन. तिथे त्यांनी ब्रेक दाबला आणि पेडल सरळ जमिनीला टेकलं. काहीच नाही! त्यांनी दोनतीनदा पंप मारला, मग डाव्या पायाने पार्किंग ब्रेक करकचून दाबला, आणि गाडी चौकाच्या मध्यावर जाऊन थांबली. सुदैवाने आडवं कोणी आलं नाही. आजोबा शांतपणे म्हणाले, "हल्ली तेल जरा कमी होतं. मी घालत असतो." मी विचारलं, "गळतं कुठून?" तर म्हणाले, "गळत नाही. गॅरेजच्या फरशीवर एक थेंब नसतो."

तेल कमी होतं, पण गळत नाही. मग जातं कुठे? या एका प्रश्नाचा माग काढता काढता मला शंभर वर्षं मागे जावं लागलं.

सुरुवातीच्या मोटारींचे ब्रेक म्हणजे सळ्या आणि तारा. पेडल दाबलं की सळी ओढली जायची, तिने चाकाजवळचे पट्टे आवळले जायचे. तेही बहुधा फक्त मागच्या दोन चाकांचे. पुढची चाकं वळतात, त्यामुळे तिथपर्यंत सळी नेणं कटकटीचं. आणि चारही चाकांना सारखी ओढ लावणं तर महाकठीण. एक तार जरा सैल पडली की गाडी ब्रेक मारताना एका बाजूला खेचली जाणार. ज्यांनी जुन्या सायकलीचे दोन ब्रेक सारखे लावायचा प्रयत्न केलाय, त्यांनी याला चारने गुणावं.

यावर उपाय सुचला तो माल्कम लॉघेड या माणसाला. (त्याचा भाऊ ॲलन विमानांकडे वळला. आडनावाचा उच्चार लोक चुकतात म्हणून या मंडळींनी स्पेलिंगच बदललं. तेच पुढचं सुप्रसिद्ध लॉकहीड.) कल्पना पास्कलच्या नियमाची, शाळेत आपण सगळ्यांनी घोकलेल्या. बंद नळीतल्या द्रवाला एका टोकाला दाबलं की तो दाब सगळीकडे सारखाच पोचतो. पेडलखाली एक पिचकारी, तिला आपण मास्टर सिलिंडर म्हणतो, आणि प्रत्येक चाकापाशी छोटी पिचकारी, ती व्हील सिलिंडर. सळ्या नकोत, तारा जुळवणं नको. तेल स्वतःच दाबाची समान वाटणी करतं.

१९२१ साली ले मान्सला झालेल्या फ्रेंच ग्राँप्रीत जिमी मर्फी या अमेरिकन ड्रायव्हरने ड्युसेनबर्ग गाडी चालवून शर्यत जिंकली. तिच्या चारही चाकांना हायड्रॉलिक ब्रेक होते. वळणाच्या किती जवळ जाऊन हा ब्रेक मारतो हे बघून युरोपियन संघ चकित झाले असणार. त्याच सुमारास ड्युसेनबर्गच्या रस्त्यावरच्या मॉडेल ए गाडीतही हे ब्रेक आले. पण ती गाडी श्रीमंतांची. सामान्य माणसाच्या आवाक्याजवळ हे तंत्र आणलं वॉल्टर क्रायस्लरने, १९२४ च्या आपल्या पहिल्या गाडीत. लॉघेडच्या मूळ रचनेत तेल अडवायला चामड्याच्या वाट्या होत्या आणि त्या पाझरायच्या. क्रायस्लरच्या इंजिनियरांनी तिथे रबराच्या वाट्या बसवल्या आणि ब्रेक भरवशाचे झाले.

आणि तेल कुठलं, माहीत आहे? त्या काळी ब्रेकमध्ये एरंडेल असायचं, अल्कोहोल घालून पातळ केलेलं! नैसर्गिक रबराला खनिज तेल चालत नाही. त्याने रबर फुगतं आणि मऊ पडतं. एरंडेल चालतं. लहानपणी नाक दाबून जे आपल्या घशात ओतलं गेलं, त्याच्या जोरावर अमेरिका ब्रेक मारत होती, हे कळल्यावर मला फार बरं वाटलं.

इथे आपला एक धागा जोडला जातो. सोलापूरचे वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली ती याच क्रायस्लर कंपनीशी करार करून. कुर्ल्याच्या कारखान्यात १९४७ पासून डॉज, प्लिमथ, डिसोटो जुळवल्या जाऊ लागल्या. माझ्या मामांचं गॅरेज त्या कारखान्यापासून पायी अंतरावर होतं. नंतर तिथे फियाटच जास्त यायच्या. मे महिन्याच्या सुट्टीत माझं काम एकच, ब्रेकची हवा काढताना गाडीत बसून पेडल दाबायचं. मामा चाकाखालून ओरडायचे, "मार पंप... धर... सोड!" नळीत हवा राहिली तर पेडल स्पंजासारखं लागतं, कारण हवा दाबली जाते आणि तेल दाबलं जात नाही. भौतिकशास्त्राचा हा धडा मी शाळेच्या आधी कुर्ल्यात शिकलो. मामांचं अजून एक वाक्य होतं. "फरशी वाच. गाडी खोटं बोलेल, फरशी बोलत नाही." म्हणजे तेल कुठे सांडलंय ते बघ, तिथेच रोग.

आजोबांच्या गाडीची फरशी मात्र कोरडी होती.

आता हायड्रॉलिक ब्रेकचं दुखणं बघा. दाबाची समान वाटणी हा त्याचा गुण, आणि तोच त्याचा दोष. चारही चाकांचं तेल एकच. कुठेही एक नळी फुटली, एका चाकाची वाटी गेली, की चारही ब्रेक एकदम गेले. सळ्यांच्या ब्रेकमध्ये एक सळी तुटली तर बाकीच्या तरी असायच्या. हेन्री फोर्डला त्याच्या हट्टासाठी लोक हसतात. शेव्हरोलेने १९३६ साली हायड्रॉलिक ब्रेक घेतले, प्लिमथमध्ये तर १९२८ पासून होते, आणि फोर्ड मात्र थेट १९३९ च्या मॉडेलपर्यंत सळ्या-तारांना चिकटून राहिला. पेडलपासून चाकापर्यंत सलग पोलाद, अशी त्याची जाहिरात असे. मला विचाराल तर म्हातारा हट्टी होता, पण त्याची भीती खुळी नव्हती.

त्या भीतीला सर्वात शहाणं उत्तर दिलं ते हडसन कंपनीने, १९३६ मध्ये. त्यांनी ब्रेक हायड्रॉलिकच ठेवले, पण तेल गेलं आणि पेडल ठरावीक अंतराच्या खाली गेलं तर तेच पेडल एका तारेने मागच्या चाकांचे ब्रेक ओढेल अशी सोय केली. ड्रायव्हरला वेगळं काही करायलाच नको. बाकीच्यांनी ते उचललं नाही. का, याला माझ्याकडे कागदोपत्री पुरावा नाही. पण जी गोष्ट शोरूममध्ये दिसत नाही ती विकायला अवघड, एवढं मला नोकरीतल्या पस्तीस वर्षांत कळलं आहे.

मग आले पॉवर ब्रेक. गाड्या जड होत गेल्या, वेग वाढले, आणि पायाचा जोर कमी पडायला लागला. इंजिन हवा आत ओढतं तेव्हा त्याच्या इनटेक मॅनिफोल्डमध्ये व्हॅक्यूम तयार होतो, म्हणजे तिथला दाब बाहेरच्या हवेपेक्षा बराच कमी असतो. ही फुकटची शक्ती ब्रेकसाठी वापरायची कल्पना १९२० च्या दशकातली. बेल्जियमच्या अल्बेर देवान्द्रने १९२७ च्या सुमारास तसा सर्व्हो केला. अमेरिकेत केलेब ब्रॅग आणि व्हिक्टर क्लिसरॅथ या जोडीचं यंत्र १९२८ मध्ये पियर्स-ॲरो गाडीत आलं. दुसऱ्या महायुद्धात जी.एम.सी.च्या अडीच टनी लष्करी ट्रकांवर बेंडिक्सचा हायड्रोव्हॅक होता.

हिशेब सोपा आहे. पत्र्याचा एक गोल डबा घ्या, त्यात ८ इंच व्यासाचा पडदा. क्षेत्रफळ सुमारे ५० चौरस इंच. एका बाजूला व्हॅक्यूम, दुसऱ्या बाजूला साधी हवा. दाबातला फरक चौरस इंचाला सुमारे १० पौंड. म्हणजे ५०० पौंडांचा धक्का! आपल्या पायाने फक्त झडप उघडायची, दाबायचं काम आकाशातली हवा करते.

१९५० च्या दशकात ही चैन कुटुंबाच्या गाडीत आली. बेंडिक्सचं ट्रेडल-व्हॅक नावाचं युनिट तेव्हाच्या बऱ्याच महागड्या गाड्यांत असे; पॅकार्डने १९५२ पासून ते ईझामॅटिक या नावाने दिलं. पेडल ॲक्सिलरेटरच्या बरोबरीला, खाली. टाच न उचलता नुसतं पाऊल फिरवायचं. ज्या बाईंना आधीच्या गाडीचा ब्रेक दाबताना सीटवर पाठ रोवायला लागायची, त्यांना हे वरदान वाटलं असेल, आणि ते होतंही.

आजोबांच्या गाडीत त्याच पिढीचं एक युनिट होतं. गाडीचं आणि युनिटचं नाव मुद्दाम देत नाही. जवळपास सत्तर वर्षांनी रबर थकलं तर दोष कोणाला देणार? माझेच गुडघे मला विचारतात.

तपासणी मी मामांच्या पद्धतीने केली. आधी इंजिन बंद ठेवून पेडल पाचसहा वेळा दाबलं, म्हणजे साठलेला व्हॅक्यूम संपतो. मग पेडल दाबून धरलं आणि इंजिन चालू केलं. पेडल पायाखाली किंचित खाली गेलं. याचा अर्थ बूस्टर काम करतोय. तो मेला असता तर पेडल हललंच नसतं. म्हणजे मदत करणारा ठीक, रोग तेलाच्या बाजूला. मग पेडल जोराने धरून ठेवलं. अर्ध्या मिनिटात ते अगदी हळूहळू, लिफ्ट उतरावी तसं खाली जाऊ लागलं. स्पंजासारखं लागत नव्हतं, तेव्हा हवेचा प्रश्न नाही. तेल कुठूनतरी निसटत होतं. चारही ड्रम काढले, व्हील सिलिंडरांची रबरी टोपणं उचलून पाहिली. कोरडी. नळ्या कोरड्या, रबरी होज कोरडे. मास्टर सिलिंडरची टाकी मात्र तीन आठवड्यांत इंचभर उतरलेली.

तेव्हा मला एक गोष्ट आठवली. उतारावरच्या त्या चौकातून परत निघताना मागे पांढरा धूर आला होता. जुनी गाडी आहे, करते धूर, म्हणून मी सोडून दिलं होतं. आता बूस्टरपासून इंजिनकडे जाणारा व्हॅक्यूमचा होज काढला. आत बोट घातलं. ओलं!

चोर सापडला. या प्रकारच्या युनिटमध्ये बूस्टरचा पडदा एका लांब दट्ट्याला ढकलतो, आणि तो दट्ट्या सरळ तेलात शिरतो. दट्ट्याच्या मागच्या अंगाला एक सील असतं. सीलच्या एका बाजूला ब्रेक ऑइल, दुसऱ्या बाजूला व्हॅक्यूमचा डबा. ते सील झिजलं की तेल बाहेर फरशीवर येत नाही, डब्यात ओढलं जातं, आणि तिथून इंजिनात. इंजिन ते जाळून टाकतं. थेंब नाही, डाग नाही. पांढरा धूर तेवढा, तोही मागे, ड्रायव्हरला न दिसणारा. मामांच्या सुभाषिताला मी पहिल्यांदा अपवाद पाहिला. इथे फरशीसुद्धा खोटं बोलत होती.

आणि पायाला तरी कळायला हवं ना? फियाटला बूस्टर नव्हता. ब्रेकमध्ये काही बिघडलं की पायाला आधी कळायचं. इथे पाचशे पौंडांचा मदतनीस मध्ये उभा. तो सगळं निभावून नेत होता, टाकीतलं तेल छिद्राच्या खाली जाईपर्यंत. मग एका दाबात सगळं संपलं.

सील का झिजलं? युनिट उघडलं तर दट्ट्यावर गंजाचे खड्डे, देवीचे व्रण असावेत तसे. नंतरच्या काळात एरंडेल जाऊन ग्लायकॉलचं तेल आलं. ते हवेतलं पाणी शोषून घेतं. आजच्या डॉट ३ तेलाचा प्रमाणित उत्कलनबिंदू कोरडं असताना किमान २०५ अंश सेल्सियस आणि पाणी शोषल्यावर १४० अंश, एवढा फरक पडतो. गाडी आठ महिने गॅरेजमध्ये झाकून ठेवायची, तेल मात्र वर्षानुवर्षं तेच, नुसतं वरून घालत राहायचं. पाणी दट्ट्यावर बसतं, पोलाद गंजतं, आणि तो खरखरीत दट्ट्या सीलला कानशीसारखा घासतो.

एवढं झाल्यावर खरी अडचण पुढे आली. मी म्हणालो, युनिट दुरुस्त होईल, दट्ट्या नवा करता येईल, पण तरी चारही चाकांना एकच तेल राहणार. त्यापेक्षा दोन कप्प्यांचा मास्टर सिलिंडर बसवू या. एका कप्प्यातून पुढची चाकं, दुसऱ्यातून मागची. एक गेलं तर दुसरं राहतं. आजोबांचा चेहरा पडला. "माझ्या वडिलांनी घेतली तशीच ती आहे," ते म्हणाले. "एक स्क्रूसुद्धा बदललेला नाही." दोन दिवस ते माझ्याशी बोलले नाहीत.

मला त्यांचं दुःख कळत होतं. आजोळची पितळी परात माझ्याकडे आहे, तिला कोणी हँडल लावू म्हटलं तर मीही चिडेन. पण परातीत नात बसत नाही.

तिसऱ्या दिवशी मी चहा घेऊन गेलो आणि त्यांना इतिहासच सांगितला. दोन कप्प्यांचा मास्टर सिलिंडर १९६२ च्या मॉडेलात दोघांनी दिला. एक कॅडिलॅक, सर्वात महागड्या गाड्यांपैकी. दुसरी अमेरिकन मोटर्स, आपल्या स्वस्त रॅम्बलरमध्ये! म्हणजे खर्च परवडत नव्हता हे कारण खरं नव्हे. तरी बाकीचे थांबले. १९६५ मध्ये राल्फ नेडरचं मोटारींच्या असुरक्षिततेवरचं पुस्तक आलं, १९६६ च्या सप्टेंबरमध्ये अध्यक्ष जॉन्सन यांनी वाहन सुरक्षेच्या कायद्यावर सही केली. १९६७ च्या मॉडेलांत दुहेरी ब्रेक सर्रास दिसू लागले आणि १ जानेवारी १९६८ पासून अमेरिकेत प्रवासी गाड्यांना ते सक्तीचे झाले. हडसनच्या तारेपासून मोजा, बत्तीस वर्षं. तेवढ्या काळात गाड्यांना शेपट्या फुटल्या, क्रोम चढलं, रेडिओ आले. एका जास्तीच्या कप्प्याला मात्र सरकारचा बडगा लागला.

आजोबा बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "माझ्या वडिलांनी ही विकत घेतली तेव्हा त्यांना कोणी विचारलं असतं, दोन कप्पे हवेत का, तर ते काय म्हणाले असते?" मी म्हटलं, तुम्हीच सांगा. ते उठले आणि पाना शोधायला लागले.

जुनं युनिट आम्ही जपून काढलं. शरीराला एकही नवीन भोक पाडलं नाही. ज्याला पुढे हवं असेल त्याला मूळचं परत बसवता येईल. नवा बूस्टर, दोन कप्प्यांचा मास्टर सिलिंडर. ड्रम ब्रेक असल्याने नळीत सुमारे १० पौंड दाब टिकवणारी छोटी झडपही घातली, नाहीतर व्हील सिलिंडरच्या वाट्या सैल पडून हवा आत येते. जुनं तेल सगळं धुऊन काढलं. तळाशी तपकिरी गाळ निघाला.

हवा काढायला दोन माणसं लागतात. आजोबांचा गुडघा दुखतो, म्हणून सौ.ला बोलावलं. मी चाकाखाली, ती सोफ्यासारख्या सीटवर. सर्वात लांबचं चाक आधी, म्हणजे मागचं उजवं, मग मागचं डावं, पुढचं उजवं, शेवटी पुढचं डावं. "दाब... धर... सोड." दहाव्या वेळेला वरून आवाज आला, "अहो, अजून किती? माझी भाजी गॅसवर आहे!" आजोबांना मराठीचा एक शब्द कळत नाही, पण हे वाक्य त्यांना नेमकं कळलं असावं, कारण ते हसून हसून खुर्चीत बसले.

परेडच्या आदल्या दिवशी त्याच उतारावर गेलो. मी मुद्दाम मागच्या चाकांच्या कप्प्याची नळी मोकळी करायला सुचवलं होतं, एक कप्पा गेला तर काय होतं ते पाहायला. पण ती चाचणी उतारावर नव्हे, मोकळ्या पार्किंगमध्ये, माणसाच्या चालीने केली. पेडल बरंच खाली गेलं, गाडी थांबायला जास्त अंतर लागलं, पण थांबली. नळी आवळून, हवा काढून, मग उतार. स्टॉप साइनच्या पांढऱ्या पट्टीच्या अलीकडे गाडी उभी राहिली. आजोबांनी आरशात बघितलं. मागे धूर नव्हता.

चार जुलैला नात पुढे बसली, झेंडा हलवला, तासभर गाडी मुंगीच्या पावलांनी चालली. डिकीत एका लाकडी खोक्यात फडक्यात गुंडाळलेलं ते जुनं युनिट होतं, वर आजोबांच्या अक्षरात वर्ष लिहिलेलं.

संध्याकाळी घरी आल्यावर सहज आमच्या गाडीचं बॉनेट उघडलं. आमची गाडी काही जुनी नाही, पण ब्रेक ऑइलचं झाकण काढलं तर आत कोऱ्या चहाच्या रंगाचं तेल. शेवटचं कधी बदललं होतं ते मला आठवेना. मी सौ.ला हाक मारली.

"अहो, आता परत?"